जरा सपोर्ट देता का?

दोन वर्षांपूर्वी, नवरात्राला १८ दिवस उरले असताना, माझा आतेभाऊ झपाटल्यासारखा जिमला यायला लागला. वय २२, कॉलेजचं शेवटचं वर्ष. नवं केडियू शिवायला टाकलं होतं आणि त्यात दंड भरलेले दिसायला हवे होते. एका संध्याकाळी तो बेंचवर आडवा झाला. बारच्या दोन्ही बाजूंना २५-२५ किलोच्या प्लेट्स, बारचे स्वतःचे २० धरून ७० किलो. "दादा, मागे उभा राहा ना," एवढंच तो म्हणाला. मी "हो" म्हणालो आणि त्याच्या डोक्यामागे जाऊन उभा राहिलो.

तीनदा बार छातीपर्यंत खाली गेला आणि नीट वर आला. त्या आठवड्यात ऑफिसात माझी ऑन-कॉलची पाळी होती, म्हणजे कुठलाही सर्व्हर रुसला की पहिली हाक मला. चौथ्यांदा बार खाली गेला आणि माझ्या खिशातला फोन थरथरला. मी तो काढला, मेसेज वाचला, परत खिशात ठेवला. तीन सेकंद, फार तर चार. मेसेज अगदीच फुटकळ होता.

खाली पाहिलं तर बार त्याच्या छातीवर टेकलेला, डाव्या हातातलं बळ संपलेलं आणि बार त्या बाजूला कलायला लागलेला. तो ओरडला नव्हता. छातीवर ७० किलो असताना ओरडायला आत हवाच नसते, हे मला तेव्हा कळलं. मी बार धरला, पलीकडच्या बेंचवरचा एक अनोळखी माणूस धावत आला, दोघांनी मिळून तो उचलून हुकांवर ठेवला. बरगडीला बारीक चीर गेली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे वजनं बंद सांगितली आणि गरबाही बंद.

बडोद्यात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. नऊच्या नऊ रात्री तो मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसला, आमच्या सगळ्यांच्या चपला आणि फोन सांभाळत. माझा फोनही त्याच्याच मांडीवर. मला तो एका शब्दाने बोलला नाही. आत्या मात्र एकदा म्हणाली, "अरे, पण तू होतास ना तिथे?"

होतो. जिममध्ये दुसऱ्याच्या मागे उभं राहणं म्हणजे नुसतं तिथे असणं, असंच मी तोवर समजत होतो. त्यानंतर मी हा विषय जरा नीट शिकलो. ट्रेनरला विचारलं, स्पर्धांचे नियम वाचले, आणि स्वतः पुष्कळदा मागे उभा राहिलो. आपल्या मंडळातली बरीच तरुण मुलंमुली हल्ली जिमला जातात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

"सपोर्ट" या शब्दाची गडबड

पुस्तकी भाषेत याला स्पॉटिंग म्हणतात आणि मागे उभा राहणारा तो स्पॉटर. आपल्याकडच्या जिममध्ये मात्र हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. "भाई, जरा सपोर्ट आपजो ने," असंच कानावर येतं. मराठी माणूस भेटला तर "जरा सपोर्ट देता का?"

मला वाटतं, निम्मी गडबड या शब्दामुळेच होते. सपोर्ट म्हणजे आधार. आधार मागितला म्हणून आपण पहिल्यापासून बारला हात लावतो आणि दर वेळी थोडा थोडा वर खेचत राहतो. वर "एकदम हलकं आहे, और एक, और एक" असा घोष. खाली झोपलेल्याला वाटतं, आज आपण ८० किलो मारले. प्रत्यक्षात त्यातले दहा-पंधरा किलो मागच्याने उचललेले असतात. पुढच्या आठवड्यात तोच माणूस दुसऱ्या कुणाला मागे उभं करून तेच वजन लावतो, आणि तेव्हा खेचणारे हात नसतात. अपघाताची तयारी अशी आठवडाभर आधी होऊन बसलेली असते.

स्पॉटरचं काम आधार देणं नव्हे, लक्ष ठेवणं आहे. वजन उचलणाऱ्याचं, लक्ष आपलं. हात फक्त वेळ आली तर. दहातल्या नऊ वेळा चांगला स्पॉटर बारला हातही न लावता परत जातो.

स्पर्धेच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये ही गोष्ट नियमातच लिहिलेली आहे. मंचावर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच स्पॉटर असतात. बेंच प्रेसला बार स्टँडवरून काढून हातात द्यायला त्यांची मदत चालते. पण मुख्य पंचाने सुरुवातीचा इशारा दिल्यापासून बार परत ठेवण्याचा इशारा देईपर्यंत, उचलणं सोपं होईल असा स्पर्श स्पॉटरकडून झाला, तर तो प्रयत्न बाद. खेळाडूने मागितलेला असो वा नसो. तिथे उभी असलेली माणसं तगडी असतात, सगळं अवजड वजन रोज हाताळणारी असतात, आणि तरीही त्यांचं कौशल्य हात आवरण्यात असतं.

सेटच्या आधी तीन प्रश्न

माझा आतेभाऊ "मागे उभा राहा" म्हणाला आणि मी "हो" म्हणालो. आमच्यात एवढंच बोलणं झालं. चूक तिथूनच सुरू झाली होती. आता कुणीही बोलावलं तरी मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय उभा राहत नाही.

पहिला: किती मारणार? पाच मारणार असेल तर तिसऱ्यालाच हात थरथरणं ही धोक्याची खूण आहे. बारा मारणार असेल तर अकराव्याला थोडं थरथरणं अपेक्षितच आहे. आकडा माहीत नसेल, तर समोर चाललेलं ठीक आहे की बिघडलंय, हे कळायला मार्गच नाही.

दुसरा: बार काढून देऊ का? बेंचवर झोपल्यावर बार हुकांतून बाहेर काढताना खांदा विचित्र कोनात असतो. बऱ्याच जणांना तिथे मदत हवी असते, काहींना अजिबात नको असते. हवी असेल तर कोणत्या आकड्यावर? "एक, दोन, तीन" म्हणजे तीनवर उचलायचं की तीन संपल्यावर? हे आधी ठरवलं नाही, तर एक जण आधी उचलतो, दुसरा मागाहून, आणि बार सुरुवातीलाच डगमगतो.

तिसरा: हात कधी लावू? काहींना अडकल्याबरोबर मदत हवी असते, काहींना दोन-तीन सेकंद झगडून बघायचं असतं. आम्ही आता एक शब्द ठरवून ठेवला आहे: "घे." दोन अक्षरंही नाहीत. दम संपला असतानाही तो तोंडातून निघतो.

झोपणाऱ्यानेही आपणहून सांगावं. खांदा दुखावलेला आहे, काल झोप झाली नाही, हे वजन आज पहिल्यांदाच लावतोय, अशा गोष्टी मागच्याला माहीत हव्यात.

आणि एक अवघड शिष्टाचार: वजन आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर सरळ नाही म्हणावं. "मला हे सावरता येणार नाही, आपण ट्रेनरला बोलावू" असं म्हणण्यात काही कमीपणा नाही. दाक्षिण्यापोटी उभा राहिलेला अशक्त स्पॉटर न उभ्या राहिलेल्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर समोरचा जास्त वजन लावतो.

बार खाली-वर होत असताना

बेंच प्रेसला स्पॉटर डोक्यामागे, बारच्या बरोबर मध्यावर उभा राहतो. पाय खांद्याइतके फाकवलेले, गुडघे थोडे वाकलेले, पाठ सरळ. अडकलेला बार अवघडलेल्या पाठीने उचलायला गेलं तर जायबंदी होण्याची पाळी आपली. हात बारच्या खाली, दोन-चार बोटांच्या अंतरावर, बारबरोबर खाली-वर जाणारे. धरायची वेळ आली तर दोन्ही हात समोरच्याच्या हातांच्या आतल्या बाजूला, एक तळवा वर आणि एक खाली असे धरले की बार निसटत नाही.

नजर बारवर. आरशात नाही, शेजारच्या ट्रेडमिलवर नाही, फोनवर तर नाहीच. काय बघायचं? बारचा वेग. तो दर वेळी थोडा थोडा कमी होत जातो. एक बाजू मागे पडते का, कोपर बाहेर फाकायला लागतं का, कंबर बेंचवरून उचलली जाते का. बार थांबला म्हणजे माणूस झगडतो आहे, तेव्हा ठरल्याप्रमाणे थांबा. पण वर जाता जाता बार परत खाली यायला लागला, तर विचारत बसू नका. "घे" ऐकू आलं नाही तरी घ्यायचा.

घेतानाही एका झटक्यात हिसकावायचा नाही. झटका दिला की उचलणाऱ्याची पकड सुटते आणि सगळं वजन एका बाजूने आपल्या अंगावर येतं. दोघांनी मिळून, सरळ वर. उचलणाऱ्याने तर बार अजिबात सोडायचा नाही. स्पॉटरने धरला म्हणून हात ढिले सोडणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. बार दोन्ही बाजूंनी हुकांत बसल्याचा आवाज येईपर्यंत काम दोघांचंही असतं.

एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट: झोपलेल्याच्या अगदी तोंडावर वाकून उभं राहू नये. त्याला वरून काय दिसत असेल, याचा विचार करावा. घामाचे थेंब तोंडावर पडणं हा सपोर्ट नव्हे.

बोलायचंही बेताने. एकच आवाज पुरतो. "दोन राहिले", "छान", "घेतो मी". तिघं जण तीन बाजूंनी ओरडायला लागले, तर नेमका "घे" हाच शब्द हरवतो.

बाकीच्या व्यायामांचं गणित थोडं वेगळं आहे. स्क्वॉटला स्पॉटर पाठीमागे उभा राहतो आणि उचलणाऱ्याबरोबर स्वतःही खाली बसतो, वर उठतो. अडकला तर कंबर धरून ओढायचं नाही. काखेतून हात घालून छातीला आधार देत वर आणायचं. वजन फार असेल तर बारच्या दोन टोकांना एक-एक माणूस लागतो आणि दोघांनी एकाच क्षणी हात घालावा लागतो. एकाने आधी उचललं की बार वाकडा झालाच. डंबेल प्रेसला हात मनगटांजवळ ठेवायचे. बरेच जण कोपरांखाली धरतात, पण कोपर वर राहिलं तरी हात आत दुमडून डंबेल तोंडावर येऊ शकतं. आणि डेडलिफ्टला, किंवा ऑलिंपिकमध्ये दिसणाऱ्या स्नॅच आणि क्लीन-जर्कला स्पॉटर नसतोच. तिथे बार सोडून देणं आणि इतरांनी लांब उभं राहणं, हीच सुरक्षा.

हे सगळं ऐकून एखाद्याला वाटेल, एवढं काय त्यात? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानात बिकानेरला १७ वर्षांची एक पॉवरलिफ्टर सरावात २७० किलोच्या बारखाली सापडून गेली. ती पदकविजेती होती आणि प्रशिक्षक जवळच होते. त्या बातमीचा व्हिडिओ कुणीतरी आमच्या ग्रुपवर टाकला. मी तो पूर्ण पाहिला नाही. अनुभवी खेळाडूंच्या बाबतीत एका क्षणात असं घडू शकतं, तर आपण हौशी मंडळी ७० किलोला "हलकं आहे" म्हणताना जरा जपून म्हणावं.

मागायची भीड

आपल्याला मदत मागायची मोठी भीड असते. पाहुण्यांकडे गेल्यावर दुसऱ्यांदा पोळी मागत नाही, तसंच हे. जिममध्ये आपल्या आजूबाजूला वीस माणसं असतात आणि तरी आपण एकटेच जड बारखाली झोपतो, कारण त्या वीसांपैकी एकाला "जरा येता का?" म्हणणं जड जातं. समोरच्याने नाही म्हटलं तर? आपलं वजन त्याला हलकं वाटलं तर?

माझा अनुभव सांगतो. इतक्या दिवसांत मला नाही म्हणणारी माणसं दोन-तीनच भेटली, आणि त्यांनाही घरी जायची घाई होती. आपण लावलेल्या वजनाला हसलेला एकही नाही. फक्त विचारण्याची रीत असावी. कुणी स्वतः सेटमध्ये असताना विचारू नये. त्याचा बार खाली ठेवून होऊ द्या, श्वास येऊ द्या, कानातले इअरफोन निघू द्या. एका सेटसाठी बोलवा, संध्याकाळभरासाठी नाही. झाल्यावर "थँक यू" म्हणा, आणि तुमचं काही असेल तर मी आहे, असं सांगा. आणि मग खरंच असा. प्लेट्स काढून जागेवर ठेवणं हाही याच शिष्टाचाराचा भाग. स्पॉट दिलेल्या माणसाला तुमच्या २५-२५ किलोच्या प्लेट्स उतरवायला लावू नका.

कुणीच नसेल तर? रॅकमध्ये सेफ्टी बार असतात, ते छातीच्या उंचीच्या किंचित खाली लावून घ्या. बार अडकला तर त्यांच्यावर टेकतो आणि आपण खालून सरकू शकतो. माणसाला भीड असते, लोखंडाला नसते. ही सोय नसेल तर एकट्याने जड बेंच मारूच नका. मारलाच तर अंगठा बारभोवती गुंडाळलेला असू द्या आणि बारच्या टोकांच्या क्लिपा लावू नका. म्हणजे अगदीच अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेट्स खाली सोडता येतात. मात्र आजूबाजूला कुणी उभं नाही ना, हे सेटच्या आधीच पाहून ठेवा. स्पॉटर असेल तेव्हा मात्र क्लिपा लावायच्याच.

न मागता दिलेला सपोर्ट

माझी बायको सकाळी सहाच्या बॅचला जाते. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ती म्हणाली, "मागायची भीड तुम्हाला. आमचा प्रश्न उलटा आहे. आम्ही मागितलेलं नसताना लोक येतात."

तिने सांगितलेलं असं. स्क्वॉट करत असताना कुणीतरी अनोळखी माणूस मागे येऊन उभा राहतो. कधी कोपर धरून "असं नाही, असं" म्हणत हात वळवतो. हेतू चांगलाही असेल. पण खांद्यावर बार असताना मागून अचानक लागलेला हात म्हणजे दचकणं, आणि बार असताना दचकणं म्हणजे धोका. शिवाय हेतू काय आहे, हे ओळखण्याचं काम तिनेच का करायचं?

तिचा नियम साधा आहे: हाताच्या आधी आवाज. "स्पॉट हवाय का?" असं समोरून, दिसेल असं विचारायचं. नाही म्हटलं की विषय संपला. "अगं, मी तर मदतच करत होतो" हे वाक्य नको. स्क्वॉटचा स्पॉट तर छातीजवळून हात घालून द्यावा लागतो. म्हणून मुलींनी मैत्रिणीला किंवा महिला ट्रेनरला बोलवावं, नाहीतर सेफ्टी बार लावावेत, किंवा बारच्या दोन टोकांना दोन माणसं उभी करावीत. हे सगळे पर्याय तिने वापरले आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं तिचं म्हणणं आहे.

अपवाद एकच. बार कुणाच्या छातीवर किंवा मानेवर येऊन अडकला आहे, हे दिसलं की विचारायचं नाही, धावायचं. त्या संध्याकाळी पलीकडच्या बेंचवरून आलेल्या माणसाने मला काही विचारलं नव्हतं. त्याचं नावही मला अजून माहीत नाही. तो पुन्हा दिसला नाही.

वस्तादांची नजर

आजोबा आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांना मी हा सगळा प्रकार बऱ्याच उशिरा सांगितला. त्यांची तरुणपणची संध्याकाळ आखाड्यात गेलेली. बडोदं हे आखाड्यांचं गाव आहे, हे आपल्या पिढीला केवळ ऐकून माहीत असतं. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर, जुम्मादादांचे शिष्य प्रा. माणिकराव, त्यांना मिळालेला सयाजीराव महाराजांचा आश्रय, मराठीतला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' बडोद्याहून निघाला ते दिवस, हे सगळं आपल्या घराघरांत बोललं जाई. कमाटीबागेतल्या संग्रहालयात तर एक भला मोठा दगड ठेवलेला आहे. गामा पैलवानाने १९०२ मध्ये बडोद्यात तो उचलला, असं सांगतात. लहानपणी आजोबा मला तो दाखवायला न्यायचे.

मला वाटलं होतं, आजोबा मला झापतील. ते म्हणाले, "तुझ्या जिममध्ये वस्ताद कुठे बसतात?"

मी म्हटलं, "वस्ताद नसतात, आजोबा. ट्रेनर असतो. त्याची वेगळी फी असते."

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मल्लखांबाचं सांगू लागले. नवा पोरगा पहिल्यांदा उलटी उडी घेऊन खांबावर जायचा, तेव्हा त्याच्या बाजूला एक जुना पोरगा हात पुढे करून उभा असायचा. तो हात पोराला लागायचा नाही, पण पोराला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचा. आणि त्या जुन्या पोराचं लक्ष जरा जरी हललं, तर वस्तादांची हाक यायची. "मार पडणाऱ्याला नसायचा," आजोबा म्हणाले, "बघत नसणाऱ्याला असायचा."

आखाड्यात सगळंच चांगलं होतं, असं मला म्हणायचं नाही. आमची आजी कधी आखाड्यात गेली नाही, तिला कुणी विचारलंही नाही. आज माझी बायको ४० किलोचा स्क्वॉट मारते, ते जिममुळेच. पण आखाड्यात एक गोष्ट आयती मिळायची. मातीत उतरलेल्या प्रत्येकावर कुणाची तरी नजर असायची आणि ती मागावी लागत नसे. जिममध्ये आपण कार्ड दाखवून आत शिरतो, कानात गाणी घालतो, आपापल्या आरशासमोर उभे राहतो. इथे ती नजर मागावी लागते, आणि कुणी मागितली तर द्यावी लागते. म्हणून तर एवढे सगळे नियम शब्दांत सांगायची वेळ आली.

पाचवा

आतेभाऊ दिवाळीनंतर जिमला परतला. पहिले पाच महिने तो बेंचला ट्रेनरला मागे उभं करायचा. मी चार पावलांवर असलो तरी. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. माझं काम त्याच्या प्लेट्स उतरवून ठेवायचं, ते मी करत राहिलो. ऑन-कॉलच्या आठवड्यात संध्याकाळच्या त्या एका तासासाठी मी ऑफिसातल्या सहकाऱ्याला पाळी देतो आणि फोन लॉकरमध्ये ठेवतो. सहकाऱ्याने कारण विचारलं, तेव्हा त्याला हीच गोष्ट सांगितली होती.

मग एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ट्रेनर आलेला नव्हता. आतेभावाने बारला प्लेट्स लावल्या. पुन्हा ७० किलो. बेंचवर बसून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला हाक मारली, "दादा, येतोस?"

मी मागे जाऊन उभा राहिलो. "किती मारणार?"

"पाच."

"काढून देऊ?"

"नको, मी काढतो."

"हात कधी लावू?"

तो झोपला, बारला हात लावले, वर माझ्याकडे पाहिलं. "घे म्हटल्यावर. आणि चौथ्याला लक्ष ठेव."

चौथा ठीक गेला. पाचवा मध्यावर येऊन थांबला. बार हलेना. त्याचे हात थरथरत होते, बारखाली दोन बोटांवर माझे. "घे" ऐकू आलं नाही आणि बार खालीही येत नव्हता, म्हणून मी तसाच थांबलो. ते दोन सेकंद मला फार मोठे वाटले. मग बार हळूहळू वर सरकला आणि हुकांत बसला.

तो उठून बसला, टॉवेलने तोंड पुसलं.

"तू हात लावलास?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही रे, नाही लावला."

त्याने बाटलीतलं पाणी प्यायलं, आणि मग प्लेट्स उतरवायला दोघंही उठलो.